आतली कडी

माझं बोलणं कळायला वेळ लागतो, आणि वेळ कुणाकडेच नसतो. म्हणून हे मी लिहून ठेवते आहे, डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर दाबत. वाचणाऱ्यानं मध्येच माझं वाक्य पुरं करू नये. आयुष्यभर लोकांनी माझी वाक्यं पुरी केली आहेत आणि ती बहुतेक चुकीची केली आहेत.

मी राजेश्वरी, घरात राजी. जन्मले तेव्हा रडायला उशीर केला. तेवढ्यात मेंदूचा जो भाग हातपाय आणि जीभ हलवतो तो दुखावला. बाकीचा शाबूत आहे. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं, कारण नेरूळच्या आमच्या सेक्टरात ते कुणाला ठाऊक नव्हतं. माझे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, उजवा हात स्वतःच्या मर्जीनं उडतो, तोंडातून लाळ गळते. मी 'पाणी' म्हणेपर्यंत दुसरा माणूस पाणी पिऊन पेला पालथा घालतो. लाळ गळते म्हणजे अक्कलही गळते, असं लोकांचं गणित. मुकी बिचारी कुणीही हाका, असं म्हणतात. मी तर मुकीही नव्हते, तरी सगळ्यांनी हाकली.

आमचं घर म्हणजे सिडकोची एक खोली, एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा आणि ओट्याला लागून एकाच दाराआड मोरी आणि संडास. वडील, हौसेराव, वाशीच्या मार्केटात माथाडी होते. पहाटेच्या आधी निघायचे, दिवसभर कांद्याच्या गोणी पाठीवर वाहायचे आणि दुपार कलल्यावर येऊन झोपायचे. आई गोजरा. धाकटा भाऊ उदयसिंह. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे गावचं कुणी ना कुणी मुक्कामाला असायचंच.

मोरी-संडासाच्या त्या दाराला आतून कडी होती, पण पार वर. आधी ती खाली होती. उदय लहानपणी आत गेला, कडी लावून बसला आणि काढता येईना. शेवटी शेजाऱ्यांनी दार उचकटलं. त्यानंतर आईनं कडी वर बसवून घेतली. उदय वाढला, त्याचा हात पोचायला लागला. माझा कधी पोचणार नव्हता, कारण भिंतीला धरून मी बसते-उठते, पण हात वर केला की तोल जातो. मला कडी लागेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आई मला आत बसवायची, दार अर्धं उघडं ठेवायची आणि ओट्याशी भाकरी थापता थापता शेजारणीशी गप्पा मारायची. मध्येच डोकावून विचारायची, झालं का गं. शेजारीणही डोकावायची.

लहान होते तोवर हे चाललं. मग तेरावं वर्ष सरलं आणि सगळ्या मुलींचं होतं ते माझंही झालं. आईला त्याचं नवल वाटलं. देव मला तेवढ्यापुरतं तरी वगळेल अशी तिची समजूत असावी.

त्याच सुमाराला शहाजीमामा आला होता. जेवून उठला, हात धुवायला आला आणि कोपरानं दार ढकललं. मी आत होते. कशी होते ते लिहीत नाही. तो क्षणभर थांबला, "राजी हाय व्हय," म्हणाला आणि आत येऊन हात धुतले. सावकाश, साबण लावून, नखं घासून. मग धोतराच्या सोग्याला हात पुसत बाहेर गेला आणि दार होतं तसं उघडं ठेवलं.

मामा वाईट माणूस नव्हता. दुसरी कुणी बाई आत असती तर तो जीभ चावून पळाला असता. मी बाईत जमा नव्हते, माणसातही नव्हते. मोरीत बादली असते तशी मी होते. मी रडायला लागले तेव्हा आईनं आधी कुठं लागलं का ते पाहिलं. कुठं लागलं नव्हतं. मग ती म्हणाली, "अगं, मामाच त्यो. आन तुला काय त्याचं?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. माझ्या तळपायांना दुसरं काही जमत नव्हतं, पण हे जमलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, आतून लावायची कडी.

आई मला रिक्षानं सेंटरला न्यायची. सेंटर म्हणजे माझ्यासारख्या मुलांच्या व्यायामासाठी एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे एक करून केलेला हॉल. धरून चालायचे दांडे, मोठा आरसा, मण्यांचे डबे, ठोकळे. प्रमुख होते विलाससर, आणि व्यायाम घ्यायला सुनयना मॅडम, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या. दर तीन महिन्यांनी तिथं मीटिंग व्हायची आणि प्रत्येक मुलाचं ध्येय ठरायचं. माझं ध्येय पहिल्यापासून ठरलेलं होतं. आधी चालणे, मग पायऱ्या चढणे.

ते ध्येय सेंटरचं नव्हतं, आमच्या गावच्या भैरोबाचं होतं. मी मांडीवर असतानाच आई नवस बोलली होती, की पोर स्वतःच्या पायांनी तुझ्या डोंगराच्या पायऱ्या चढून येईल आणि स्वतःच्या हातानं तुला चांदीचे पाय वाहील. पाय तिनं करूनही ठेवले होते. बोटाएवढे, डबीत, कापसात. माझ्या पायांपेक्षा कितीतरी सरळ. चैत्रातल्या जत्रेला गेलं की गावच्या बायका विचारायच्या, "चढती का गं औंदा?" आणि आई खाली बघायची. तिचं ते खाली बघणं मला बघवायचं नाही. तिचं दुःख खोटं नव्हतं. पण त्या दुःखासाठी माझ्या मांड्यांना लोखंडी पट्ट्यांचे बूट आवळले जायचे, आणि रात्री ते वळ आईच खोबरेल लावून चोळायची. वळ उठवणारी तीच आणि तेल लावणारीही तीच.

मग विलाससर कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि सेंटरचं वारं बदललं. मुलांची ध्येयं मुलांनीच ठरवायची, असं नवीन निघालं. भिंतीवर तसा फलक लागला, त्याच्याभोवती क्रेप कागदाची फुलं लागली. माझी मीटिंग आली तेव्हा सरांनी टेबलावर चार चित्रं मांडली. एक मुलगा चालत होता, एक लिहीत होता, एक चमच्यानं जेवत होता आणि एक मुलगी मणी ओवत होती. चौघंही हसत होती.

"बोल बेटा," सर म्हणाले. "आता तुझं गोल तू सांगायचं. नो टेन्शन. यातलं काय पाहिजे, हात लाव फक्त."

विचारलं खरं, पण उत्तरं आधीच छापून आणली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी चित्रांना हात लावला नाही. मान सावरली, थुंकी गिळली आणि जमेल तितकं स्पष्ट सांगितलं की संडासाला आतून कडी हवी आहे. सरांना काही कळलं नाही. मॅडम पुढे वाकल्या, त्यांनाही कळलं नाही. दोघांनी आईकडे पाहिलं. माझं बोलणं कळणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

आईला कळलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्यावरून मला ते दिसलं. तिनं पदर सारखा केला आणि सांगितलं, "चालायचं म्हनती, सर. पायऱ्या चढायच्यात तिला."

सरांनी टाळी वाजवली. बघा, विचारलं की मुलं बोलतात, असं ते मॅडमना म्हणाले आणि त्यांनी लिहूनही घेतलं. मी ओरडले. अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, उजवा हात टेबलावर आपटला. सर कौतुकानं म्हणाले, एक्साइट झाली. मी आयुष्यात इतकी एकटी कधी पडले नव्हते, आणि खोलीत तीन माणसं माझ्याकडे बघून हसत होती.

परतताना रिक्षात मी आईकडे पाहिलंच नाही. तिनंच सुरुवात केली. असलं चारचौघांत बोलायचं नसतं म्हणाली. आत पडलीस, डोकं फुटलं, तर दार तोडेस्तोवर मी काय करू, असंही म्हणाली. जुईनगरचा पूल आल्यावर मग खरं बोलली, की चैत्र तोंडावर आलाय. तिची सगळी कारणं खरी होती, मला मान्य आहे. पण तोंड माझं होतं. माझ्या तोंडातलं वाक्य काढून तिनं स्वतःचं घातलं होतं, आणि हे दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालू दिले नाहीत. पाय पोटाशी घेतले आणि दात आवळून बसले. त्यानंतरही नाही, सेंटरमध्येही नाही. सुनयना मॅडमनी गोडीनं समजावून पाहिलं, मग बूट कोपऱ्यात ठेवून दिले. विलाससर म्हणाले, मुलगी कोऑपरेट करत नाही. मी ठरवलेल्या ध्येयासाठी मीच कोऑपरेट करत नव्हते, याचं त्यांना काही वाटलं नाही.

वडिलांना चार दिवसांनी कळलं. मार्केटातून आले, मी कोपऱ्यात आणि आई रडवेली बघून आधी हसले. "बंद पुकारला म्हना की." मग हात-पाय धुऊन माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले आणि त्यांचा चेहरा बदलला. बंद ही त्यांच्या लेखी चेष्टेची गोष्ट नव्हती. उमेदवारीत त्यांनी बंद पाळले होते, उपाशी राहून पाळले होते. मागणीशिवाय बंद करतो तो कामचुकार, असं ते नेहमी म्हणायचे.

"मागनी काय हाय तुजी?" त्यांनी विचारलं.

चित्रं नाहीत, बेटा नाही, हसणं नाही. मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी कान माझ्या तोंडाशी आणला, मी पुन्हा सांगितलं. कांद्याचा वास येत होता त्यांना. पण मी जागी असताना ते झोपलेले आणि ते जागे असताना मी झोपलेली, असाच जन्म गेला होता. माझं बोलणं शिकायचं त्यांचं राहूनच गेलं होतं. त्यांनी ओट्याकडे बघून विचारलं, काय म्हणते पोर.

आईनं वळूनही बघितलं नाही. "पाय दुखत्यात म्हनती."

मी कपाळ फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. वडिलांनी तळहात मध्ये घातला, तिसरं त्यांच्या हातावर बसलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग आईच्या पाठीकडे.

"गोजरे," ते म्हणाले, "मागनी ही न्हाई." मग ते म्हणाले, गेटवर एक आणि केबिनमध्ये जाऊन दुसरंच सांगणारे पुढारी त्यांनी आयुष्यात पुष्कळ बघितले होते. बंद जो करतो, बोलणीला त्यालाच बसवायचं. आणि या खेपेला ते स्वतः येणार होते.

सरांनी मीटिंग लवकर लावली, कारण रिकामे बूट त्यांनाही खुपत होते. वडिलांनी खाडा केला, पांढरा सदरा आणि टोपी घातली आणि मला उचलून आत आणून खुर्चीत बसवलं. टेबलावर तीच चार चित्रं होती. माझा उजवा हात स्वतःच्या मर्जीनं उडतो म्हणाले ना, त्या दिवशी त्याची आणि माझी मर्जी एक झाली. चित्रं फरशीवर गेली. सर वाकून ती गोळा करायला लागले. मी आईकडे तोंड केलं.

मी तिला म्हणाले, तू खोटं बोललीस. ह्यांना सांग.

एवढं म्हणायला मला किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. एकेक शब्द घशातून ओढून काढला. सर चित्रं गोळा करून वर आले आणि हसून विचारलं, काय म्हणते राजेश्वरी.

आई आताही काहीही सांगू शकली असती. तहान लागली म्हणते. घरी जायचं म्हणते. सरांनी तेच लिहून घेतलं असतं. मी फक्त तिच्याकडे बघत राहिले. वडीलही बघत होते, पण त्यांचं मला काही नव्हतं. मला ती हवी होती.

तिनं पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला.

"ती म्हनती," आई म्हणाली, "माझी आई खोटं बोलली."

सर गोंधळले. मुलं अशा फेजमधून जातात, असं काहीतरी म्हणाले, आणि मग, बरं, पण गोलचं काय ठरलं, असं विचारलं. मला त्याही वेळी हसू आलं. घर पेटलेलं असताना हा माणूस पत्ता विचारत होता.

"संडासाच्या दाराला आतनं कडी पायजे तिला," आई म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "मागच्या खेपंलाबी तेच म्हनली व्हती. घरी बापाला तेच म्हनली. मीच फिरवलं."

सर म्हणाले, ही तर घरातली दुरुस्ती झाली, याला थेरपीचं ध्येय कसं म्हणायचं. शिवाय सेफ्टीचं काय. सुनयना मॅडम एवढा वेळ गप्प होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या उठून माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि आईला नाही, मला विचारलं, "कुठं लावायची कडी?" मी डावा हात भिंतीवर टेकवून उंची दाखवली. त्यांनी पेन्सिलनं तिथं खूण केली. सेंटरच्या नव्या रंगावर. मग त्या सरांना म्हणाल्या की आत सरकून बसायला ताकद लागते, कडी फिरवायला बोटं लागतात, एकटीनं उठायला तोल लागतो, आणि हे सगळं शिकवायला त्या पगार घेतात.

आई अजून माझ्याकडेच बघत होती. "आन देवाला काय सांगू?" ती मला म्हणाली. आता तिलाही राग आला होता, आणि मला बरं वाटलं. बादलीवर कुणी रागावत नाही. "इतकी वर्सं बोलल्याली हाय मी. काय सांगू त्येला?"

मी तिला सांगितलं. खोलीत पुन्हा कुणाला कळलं नाही. सरांनी या खेपेला विचारलंही नाही. पण आईनं आपणहून, मान खाली न घालता सगळ्यांना सांगितलं.

"ती म्हनती, नवस तू बोललीस. तुझ्या पायांनी चढ."

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

चैत्रात आई एकटीच डोंगर चढली आणि चांदीचे पाय ठेवून आली. तिथं काय म्हणाली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्याच्या आधी कडी बसली. वडिलांनी लांब दांड्याची कडी आणली, मॅडमनी घरी येऊन उंची बघितली, भिंतीला धरायला नळाचा पाइप ठोकला. पडले तर बाहेरून फटीत उदयची स्टीलची फूटपट्टी घालून कडी उचलता येत होती. ती पट्टी ओट्याशेजारी खिळ्याला टांगली. मी हाक मारल्याशिवाय पट्टीला कुणी हात लावायचा नाही, हे वडिलांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं, मामाला तर निरोप धाडून.

पुढचे कितीतरी दिवस मी सेंटरमध्ये तेवढंच शिकले. बोटं सोलवटली. कोपर फुटलं. बुटांइतकंच दुखलं, हे खरं सांगायला हवं, पण हे दुखणं मी मागून घेतलेलं होतं.

मग एका दुपारी मी घरी सरकत आत गेले, दार ओढलं आणि कडी लावली. पहिल्यांदा निसटली, मग बसली. आत अंधार आणि ओल्या सिमेंटचा वास. बाहेर आई भाकरी थापत होती, ते थांबलं.

"राजे, झालं का?"

मी उत्तर दिलं नाही. झालं नव्हतं असं नाही. मला नुसतं बसायचं होतं.

"राजे. अगं ए राजे. बोल की."

मग खिळ्यावरून पट्टी निघाल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती, तिच्यात पट्टीचं टोक दिसलं. आईचा श्वास मला ऐकू येत होता, लाकडाच्या पलीकडे, अगदी जवळ. ती खूप घाबरली होती. मला ते कळत होतं आणि तरीही माझा राग गेला नव्हता.

"ठेव ती," मी आतून म्हणाले. "आणि जा."

दुसऱ्या कुणाला ते नुसतं घोगरं काहीतरी वाटलं असतं. तिला कळलं. माझा शब्द न् शब्द तिला नेहमीच कळायचा. माझा सगळा राग त्याचाच होता.

पट्टी परत खिळ्याला लागली आणि थोड्या वेळानं भाकरीचा आवाज सुरू झाला.